पाय नाहीत, हाड नाही, म्हणून सगळे ‘किडे’ एक नव्हेत : जंत, गांडूळ, सूत्रकृमी ओळखायचे कसे?

साखरखेर्डा : मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की काळ्या रानात, उकिरड्याजवळ, डांबरी रस्त्यावर गांडुळं दिसायला लागतात. त्याच दिवसांत शेळ्या हगवतात, लहान पोरांची पोटं दुखतात, वांग्याची-टोमॅटोची रोपं पाणी असूनही माना टाकतात आणि सोयाबीनच्या कोवळ्या रोपांना पैसा म्हणजेच वाणी लागते. पारावर या सगळ्याला एकच नाव असतं, ‘किडे झाले’.

नाव एक पडलं की औषधही एकच शोधलं जातं. अळीवर फवारायची बाटली वांग्याच्या मुळाशी ओतली जाते. मागच्या साली उरलेलं जंताचं औषध यंदा दुसऱ्याच दुखण्याला शेळीला पाजलं जातं. पैसे जातात, दिवस जातात, आणि कधी कधी शेळीही जाते.

या जिवांचं शरीर साधं असतं हे खरं. पाठीचा कणा नाही, हाडं नाहीत. पण प्रत्येकाची बांधणी वेगळी आहे, आणि बांधणीवरूनच तो खातो कसा, आत शिरतो कुठून आणि मरतो कशाने हे ठरतं. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘प्राण्यांचे वर्गीकरण’ हा धडा आहे. पोरं तो मार्कांसाठी पाठ करतात. पण त्याचा खरा उपयोग गोठ्यात, शेतात आणि घरात आहे. तो कसा, ते पाहू.

आधी पाय बघा

कपाशीच्या बोंडातली गुलाबी बोंडअळी ही कृमी नाही, ती पतंगाचं लेकरू आहे. तिला पुढच्या भागात पायांच्या तीन जोड्या असतात. पुढे ती कोषात जाते आणि पतंग होऊन उडते. शेणखतातली पांढरी जाड हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची अळी. सोयाबीनची रोपं कुरतडणारी वाणी तर पायांनीच भरलेली असते, अंगाच्या बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या. हे सगळे संधिपाद, म्हणजे सांधे असलेल्या पायांचे प्राणी. कीटकनाशक प्रामुख्याने कीटकांसाठी, म्हणजे याच गोतावळ्यातल्या सहा पायांच्या प्राण्यांसाठी बनवलेलं असतं.

खरा कृमी जन्मभर कृमीच राहतो. त्याला सांध्याचे पाय कधी फुटत नाहीत, पंख कधी येत नाहीत. एक फसगत मात्र ध्यानात ठेवा. जनावराच्या जखमेत पडणाऱ्या अळ्यांना पाय नसतात, तरी त्या कृमी नव्हेत, माशीची पिल्लं आहेत. तिथे जंताच्या औषधापेक्षा जखम साफ करून माशी बसू न देणं हाच मुख्य इलाज.

पायांचा निकाल लागला की दुसरा प्रश्न. याच्या पोटाला दरवाजे किती? एकही नाही, एकच, की दोन? साध्या प्राण्यांची सगळी उतरंड या एका प्रश्नावर लावता येते.

दरवाजाच नाही : स्पंज

सगळ्यात साधा प्राणी म्हणजे स्पंज. त्याला तोंड नाही, पोट नाही, डोळे नाहीत, मज्जातंतू नाहीत. अंगभर बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी आत ओढायचं, त्यातले सूक्ष्म कण पेशींनी टिपायचे आणि मोठ्या छिद्रातून पाणी बाहेर सोडायचं, एवढाच त्याचा धंदा. म्हणून त्याच्या गटाला रंध्रीय प्राणी म्हणतात.

स्पंज म्हटलं की समुद्र आठवतो. पण काही जाती गोड्या पाण्यात, तलावात, जुन्या विहिरीच्या दगडावर आणि बुडालेल्या लाकडावरही वाढतात. लोक त्याला शेवाळ समजून सोडून देतात. हेन्री कार्टर नावाचा इंग्रज डॉक्टर मुंबईत नोकरीला होता. त्याने 1840 च्या दशकात मुंबईतल्या तलावांमधले स्पंज बारकाईने पाहिले आणि त्यावर लिहिलं. भारतात सर्रास सापडणाऱ्या गोड्या पाण्यातल्या एका स्पंजाला पुढे त्याच्यावरूनच ‘कार्टेरी’ हे नाव मिळालं.

उन्हाळ्यात तलाव आटला की स्पंज मरतो, पण मरण्याआधी अंगात टणक कवचाचे बारीक दाणे तयार करून ठेवतो. दगडाला चिकटलेले हे दाणे कोरड्यात तग धरतात आणि पाऊस आला, तलाव भरला की त्यातून नवा स्पंज उगवतो. बियाणं मृगाची वाट पाहतं, तसंच हे.

एकच दरवाजा : हायड्रा आणि जेलीफिश

पुढच्या पायरीवर पिशवीसारखं शरीर येतं. पिशवीला तोंड एकच. अन्न तिथूनच आत, उरलेला चोथाही तिथूनच बाहेर. तोंडाभोवती सोंडांसारखे धागे आणि त्या धाग्यांत दंश करणाऱ्या पेशी. स्वच्छ डबक्यातल्या पाणवनस्पतीला चिकटलेला, सुतळीच्या तुसाएवढा हायड्रा हा याच गटातला. समुद्रातले जेलीफिश आणि प्रवाळ हे त्याचे भाऊबंद. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर गेलात आणि वाळूत निळा फुगा पडलेला दिसला तर त्याला हात लावू नका. तो मेलेला दिसला तरी दंश करतो.

जेलीफिशची एक गोष्ट थेट आपल्या शेताशी येऊन भिडते. 1911 च्या सुमारास मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना सह्याद्रीत, सातारा जिल्ह्याच्या नद्यांच्या गोड्या पाण्यात जेलीफिश सापडले. त्या जातकुळीचे जेलीफिश तोवर आफ्रिकेतच असतात असं मानलं जाई. याच आघारकरांनी 1946 मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. आज ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. सोयाबीनच्या पिशवीवर ‘एमएसीएस’ अशी अक्षरं आणि पुढे आकडा दिसतो, ते वाण याच संस्थेचे. ती अक्षरं म्हणजे विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं.

चपटे कृमी : गोठ्यातला चोर

इथून पुढे खरे कृमी सुरू होतात. पहिला गट चपट्या कृमींचा. यांचं अंग पानासारखं किंवा फितीसारखं चपटं असतं. यातल्या पानासारख्या कृमींच्या आतड्यालाही एकच दरवाजा. फितीसारख्या पट्टकृमीला तर तोंडही नाही आणि आतडंही नाही. तो आपल्या आतड्याला डोक्याने चिकटतो आणि पचलेलं अन्न कातडीतून शोषतो. आयतं खायला मिळालं की पोटाची गरजच काय!

गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात शिरणारा यकृत कृमी हा याच गटातला. त्याची वाट समजून घ्या. बाधित जनावराच्या शेणातून अंडी पाण्यात जातात. पाण्यात अंडं फुटून पिल्लू निघतं आणि ते पाणगोगलगायीत शिरतं. गोगलगायीच्या अंगात एकाचे अनेक होतात. मग ते बाहेर पडून काठच्या गवताला चिकटून बसतात. तलावाच्या काठचं ते हिरवंगार गवत जनावराने खाल्लं की कृमी थेट यकृतात. जनावर रोडावतं, दूध आटतं, डोळ्याची आतली कड पांढरी पडते आणि जबड्याखाली पाणी उतरून सूज येते.

आता गोम इथेच आहे. अशीच पांढरी कड आणि जबड्याखालची सूज शेळीला दुसऱ्याही एका जंतामुळे येते. तो पोटात राहणारा, रक्त पिणारा गोल कृमी. बाहेरून दोन्ही दुखणी सारखीच दिसतात. पण गोल कृमी मारणारं औषध चपट्याला मारेलच असं नाही, आणि चपट्याचं औषध गोलाला मारेलच असं नाही. म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात शेणाची किंवा लेंड्यांची तपासणी करा, मगच औषध पाजा. जनावर गाभण असेल तर ते आधी सांगा, कारण काही औषधं गाभण जनावराला चालत नाहीत. डोस वजनावर ठरतो. अंदाजाने कमी पाजत गेलं तर तगडे जंत वाचतात आणि पुढे औषधालाच दाद देत नाहीत.

शेळीच्या लेंड्यांवर शिजलेल्या भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. ते तुकडे म्हणजे त्याच्या फितीचे अंड्यांनी भरलेले वेढे.

माणसाच्या बाबतीत डुकराचा पट्टकृमी जास्त घातकी. नीट न शिजलेलं डुकराचं मांस खाल्लं तर तो माणसाच्या आतड्यात वाढतो. पण त्याची अंडी पोटात गेली तर गोष्ट वेगळी होते. पिल्लं रक्तातून फिरत मेंदूत जाऊन गाठी करू शकतात आणि माणसाला फिट येते. ही अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून येतात. उघड्यावरच्या विष्ठेतून ती भाजीवर, पाण्यात आणि हातावर पोचतात. म्हणजे जन्मात मांस न खाल्लेल्या माळकऱ्यालाही हा आजार होऊ शकतो. फिट आलेल्याला चप्पल किंवा कांदा हुंगवत बसू नका, डॉक्टरकडे न्या आणि तपासणी करून घ्या. कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर वाहत्या पाण्यात धुऊनच खा.

गोल कृमी : दोन दरवाज्यांची नळी

दुसरा गट गोल कृमींचा. अंग दोऱ्यासारखं गोल, दोन्ही टोकांना निमुळतं. याच्या पोटाला दोन दरवाजे, एका टोकाला तोंड आणि दुसऱ्या टोकाला गुदद्वार. वरून चिवट आवरण असतं, म्हणून आपल्या पोटातल्या पाचक रसातही तो विरघळत नाही.

पोरांच्या शौचात कधी कधी पडणारा वीतभर लांब पांढरट जंत तो हाच. एक मादी दिवसाला सुमारे 2 लाख अंडी घालते. ती मातीत दीर्घकाळ टिकतात आणि नखातून, न धुतलेल्या हातातून परत पोटात येतात. दुसरा आकडीसारख्या तोंडाचा अंकुशकृमी. त्याला तोंडातून यायची गरज नाही. ओल्या मातीत अनवाणी पाय पडला की त्याचं पिल्लू कातडीतून शिरतं, रक्तातून फुप्फुसात जातं, तिथून घशात येतं आणि गिळलं जाऊन आतड्यात पोचतं. तिथे चावा घेऊन रक्त पितं. निंदण-खुरपणाला अनवाणी जाणाऱ्या बायांच्या अंगात रक्त कमी असण्यामागे हेही एक कारण असू शकतं.

2015 पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. शाळेत आणि अंगणवाडीत 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. 1 ते 2 वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी चुरून, त्यापुढच्यांना पूर्ण गोळी चावून. पोर त्या दिवशी आजारी असेल तर तसं सांगा, ते बरं झाल्यावर गोळी देता येते. गोळी पोटातले जंत मारते, अंगणातल्या मातीतली अंडी मारत नाही. म्हणून गोळीसोबत संडास, साबण आणि चप्पल या तीन गोष्टी हव्यातच.

मुळावरच्या गाठी : चांगल्या की वाईट?

गोल कृमींचीच एक सूक्ष्म जात पिकाच्या मुळात राहते, ती सूत्रकृमी. मातीत फिरणारं तिचं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरचंही नसतं, डोळ्याला दिसत नाही. ते मुळात शिरतं, मादी तिथेच ठाण मांडून फुगते, मुळाला गाठी येतात आणि शेकड्याने अंडी पडतात. पाणी-खत देऊनही झाड पिवळं पडतं आणि दुपारी माना टाकतं. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी, हळद, डाळिंब ही तिची आवडती पिकं.

सिंदखेड राजा, देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये टोमॅटो, मिरची, काकडीचं बीजोत्पादन घेणाऱ्यांनी हे जास्त ध्यानात घ्यावं. त्याच गादीवाफ्यावर दरसाल तीच पिकं घेतली तर सूत्रकृमीला वर्षभराचा शिधा मिळतो.

पण मुळावर गाठ दिसली म्हणून घाबरूही नका. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या मुळावर हवेतलं नत्र धरणाऱ्या रायझोबियम जिवाणूंच्या गाठी असतात, त्या कामाच्या. फरक असा ओळखा. कामाची गाठ मुळाच्या बाजूला मण्यासारखी लटकते, बोटाने सहज निघते आणि फोडली तर आत गुलाबी असते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं. ती सोडवायला गेलं तर मूळच तुटतं.

सूत्रकृमी असेल तर उन्हाळ्यात खोल नांगरट करून माती तापू द्यावी, पिकाची फेरपालट करावी, निंबोळी पेंड टाकावी, झेंडू लावावा. झेंडूच्या मुळातला रस सूत्रकृमीला मारक असतो. रोपवाटिकेतून रोप आणताना एक रोप उपटून मूळ पाहावं. बाधित शेतात चाललेला रोटाव्हेटर धुतल्याशिवाय दुसऱ्या शेतात घालू नये, मातीबरोबर कृमी येतात.

वलयी कृमी : शेतातला गडी

तिसऱ्या गटाचं अंग कड्यांकड्यांचं, म्हणून ते वलयी. गांडूळ आणि जळू हे दोघे इथले. त्यांनाही दोन दरवाजे, शिवाय बंद नळ्यांतून वाहणारं लाल रक्त.

गांडुळाला फुप्फुस नाही. ते ओल्या कातडीने श्वास घेतं, म्हणून ऊन लागलं, कातडी वाळली की मरतं. डोळे नसले तरी उजेड त्याला कळतो. नर आणि मादी एकाच अंगात असतात, तरी जोडीला दुसरं गांडूळ लागतंच. एक तोडलं की दोन होतात ही समजूत खोटी आहे. शेपटीचा तुकडा सहसा मरतोच. डार्विनने 1881 मध्ये गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्लंडच्या अनेक भागांत गांडुळं वर्षाला एकरी 10 टनांहून जास्त माती अंगातून काढून वर आणतात, असा हिशेब त्याने मांडला. एवढी मशागत करणारा गडी मजुरी मागत नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. गांडूळखताच्या बेडमधलं ‘आयसेनिया फेटिडा’ आणि आपल्या रानातलं गांडूळ वेगळं. बेडमधलं शेण आणि पालापाचोळ्यात जगतं, खोल मातीत बिळं करत नाही. ते आणून शेतात सोडलं तर फारसा उपयोग नाही. खत बेडमध्ये करावं, आणि रानातलं गांडूळ वाढायला रानातच शेणखत टाकावं, धसकटं-काडीकचरा जाळू नये. बेडमध्येही ताजं शेण भरू नये, ते तापतं आणि गांडुळं मरतात.

जळूला दोन्ही टोकांना चूषक असतात. चावताना ती रक्त गोठू न देणारा रस सोडते, म्हणून ती निघाल्यावरही रक्त वाहत राहतं. ओढून काढू नका. नखाने हळूच चूषक सोडवा, जागा धुवा आणि कापड दाबून धरा.

नारू गेला कसा?

वाट कळली की कृमी हरतो, याचा सगळ्यात मोठा दाखला म्हणजे नारू. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, नुसत्या नावाने अंगावर काटा येतो. हा गोल कृमीच, पण मादी मीटरभर लांब. गढूळ पाणी प्यायल्यावर सुमारे वर्षाने पायाला फोड येई आणि त्यातून दोऱ्यासारखा नारू निघे. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजे, माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळे. ऐन पेरणीत घरातला कर्ता पडला तर रान पडीक राही.

नारूवर लस नव्हती आणि त्याला मारणारं औषधही नव्हतं. आजही नाही. माहीत होती ती फक्त त्याची वाट. नारू निघालेला पाय पाण्यात बुडाला की मादी हजारो पिल्लं सोडते. ती पिल्लं सायक्लॉप्स नावाचा पाण्यातला बारीक जीव खातो. तो सायक्लॉप्स पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातो. पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून घागर भरायच्या विहिरी आणि बारवा ही त्याची हक्काची जागा होती. अशा जुन्या बारवा सिंदखेड राजात आजही उभ्या आहेत.

देशात 1983-84 मध्ये नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रासह 7 राज्यांत नारू होता. 1984 मध्ये देशभरात जवळपास 40 हजार रुग्ण नोंदले गेले. पायऱ्यांच्या विहिरींऐवजी रहाटाच्या विहिरी आणि हातपंप आले. पाणी कापडातून गाळून प्यायला शिकवलं गेलं. विहिरीत सायक्लॉप्स मारणारं औषध टाकलं गेलं आणि नारू झालेल्याला पाण्यात उतरू दिलं नाही. शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. गोळी नाही, इंजेक्शन नाही, फडकं आणि विहिरीचा कठडा यांनी हे काम केलं.

थोडक्यात, ओळख आणि इलाज

- सांध्याचे पाय आहेत : कृमी नव्हे. अळी, हुमणी, वाणी यांचा सल्ला कृषी सहायकाकडून घ्या.
- चपटा, पानासारखा किंवा फितीसारखा : पशुवैद्यकाकडे शेण तपासा. तलावाकाठचं ओलं गवत जनावरांना चारू नका.
- गोल, दोऱ्यासारखा : माणसाला झाला तर आरोग्य केंद्र, जनावराला झाला तर पशुवैद्यकीय दवाखाना.
- मुळाला न निघणारी गाठ : सूत्रकृमी. कृषी विज्ञान केंद्रात माती आणि मुळं तपासा.
- कड्याकड्यांचं गांडूळ : त्याला जपा.

नमुना नेताना एवढी काळजी घ्या. शेण ताजं आणि स्वच्छ डबीत न्या, जमिनीवर पडून वाळलेलं नको. पिकाचं रोप उपटू नका, कुदळीने खणून मुळांभोवतीच्या ओल्या मातीसकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, उन्हात ठेवू नका आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवा. पिशवीवर पिकाचं नाव, शेताचा गट नंबर आणि मागच्या साली त्या वावरात कोणतं पीक होतं ते लिहून ठेवा. तपासणाऱ्याला पहिला प्रश्न तोच पडतो.